कळ टेंपोत येते : तासगाव तालुक्यातलं मलावरोधाचं एक प्रकरण

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. द्राक्षबागांत विरळणीची घाई चालली होती. या दिवसांत आमच्या उपकेंद्रात दुपारभर शुकशुकाट असतो, कारण गावातली चालती-फिरती प्रत्येक बाई बागेत असते. संध्याकाळी साडेपाचला मी रजिस्टर मिटत होते तेव्हा आक्का आल्या. चौदा बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम, वय ४३. आत दुसरं कुणी नाही ना, हे त्यांनी दारातूनच बघून घेतलं आणि खुर्चीत एका अंगावर कलून बसल्या. ते कलणं बघूनच मला अर्धं कळलं.

"मॅडम, पोट साफ होईना. चार-चार दिवस न्हाई. आन् झालं तर खडा. काल रगात बी दिसलं."

मी इथे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हे प्रकरण त्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या म्हणाल्या, "लिवा की, माझ्यासारख्या लई जणी हाईत." खरंच आहेत. हे दुखणं घराघरात आहे, पण त्यावर बोलायला तोंड उघडत नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. तीन आठवड्यांपूर्वी रक्तक्षयाच्या शिबिरात आक्कांचं हिमोग्लोबिन ९.६ आलं होतं आणि लोहाच्या गोळ्या मीच सुरू केल्या होत्या. तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "पोट जड असतंय." मागे रांग होती. मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं: भरपूर पाणी प्या, फळं-पालेभाज्या खा, रात्री चमचाभर इसबगोल घ्या. गोळीनं पोट आणखी धरेल, हेही सांगितलं नाही. त्यांचा दिवस कसा जातो, हे तर विचारलंच नाही. सल्ल्यात चुकीचं काही नव्हतं, पण तो आक्कांसाठी नव्हता.

आक्कांनी तो पाळला मात्र इमानदारीनं. रात्री झोपताना चमचाभर इसबगोल, वर अर्धा कप पाणी, आणि दुसऱ्या दिवशी बागेत पाणी जवळजवळ नाहीच. इसबगोलाचं काम पाण्यावर चालतं. त्याची साल पाणी शोषून फुगते, बुळबुळीत होते आणि मळाला मऊ ठेवते. पाणीच मिळालं नाही तर तोच गोळा पोटात बसून राहतो. त्यांचं पोट ढोलासारखं झालं. "तुमच्या औषदानं वाढलं," असं त्या तोंडावर म्हणाल्या नाहीत, पण इसबगोलाचा डबा परत आणून माझ्या टेबलावर ठेवला.

आधी एवढं बघितलं

घरगुती उपायाआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा साधा मलावरोध आहे, की मागे दुसरं काही आहे? रोज झालंच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही माणसाच्या प्रकृतीनुसार ठीक असतं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, कुंथावं लागणं, खडे पडणं, जाऊन आल्यावरही आत राहिल्यासारखं वाटणं, याला मलावरोध म्हणायचं. माझ्याकडे ब्रिस्टल तक्ता आहे, मळाच्या सात प्रकारांची चित्रं असलेला. तो पुढे ठेवल्यावर आक्कांनी लगेच पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. "हे. शेरडाच्या लेंड्या." डॉक्टरी भाषेत मी याहून नेमकं सांगू शकले नसते.

रक्त म्हटल्यावर मी पुढचं काहीच सुरू केलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. आपल्याकडे संडासच्या जागी काहीही झालं की त्याला मूळव्याध म्हणतात, आणि बाई तपासणीच्या लाजेनं सरळ रस्त्यावरच्या "विनाऑपरेशन खात्रीशीर" पाटीखाली जाऊन बसते. आक्कांना मी निक्षून सांगितलं, तिकडे जायचं नाही. डॉक्टरांना मूळव्याध दिसली नाही. खडा जाताना गुदद्वाराच्या कडेला पडलेली लहान चीर होती, म्हणजे फिशर. रक्त लालभडक, थेंबभर, जाताना आणि नंतर आग, ही लक्षणं त्याच्याशी जुळत होती. साखर आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही, वजन घटलेलं नाही, आणि हा त्रास कमी-जास्त प्रमाणात आठ-नऊ वर्षांपासूनचा.

डॉक्टरांनी चिरेवर लावायला मलम दिलं, दोन आठवड्यांसाठी मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं आणि लोहाची गोळी बंद न करता दिवसाआड केली. या शेवटच्या गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे. लोहाच्या गोळीनं पोट धरतं म्हणून कितीतरी बाया ती गुपचूप सोडून देतात आणि रक्त आणखी उतरतं. गोळी सोडायची नाही, ज्यांनी दिली त्यांना त्रास सांगायचा. त्या गोळीनं मळ काळपट होतो, त्यानं घाबरायचं नाही. पण गोळी चालू नसताना डांबरासारखा काळा, चिकट मळ दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दवाखाना गाठायच्या बाकीच्या खुणाही इथेच लिहिते. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलणं. कारण नसताना वजन उतरणं. मळात वारंवार रक्त. पोट फुगून उलट्या होणं आणि वारासुद्धा न सरणं, यात तर घरी एक तासही घालवू नये. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बरेच दिवस झालेलं नाही आणि मग पातळ गळायला लागलं, तर जुलाब समजून बंद करायचं औषध देऊ नये. आत मोठा खडा अडकून त्याच्या कडेनं पाणी झिरपत असू शकतं. यातलं आक्कांना काहीच नव्हतं, म्हणून पुढचं घरी करता आलं.

दिवस मांडून बघितला

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. सोप्यात बसून त्यांना म्हटलं, आक्का, उठल्यापासून सांगा. औषधाचं नको, दिवसाचं सांगा.

पहाटे पाचला उठणं. चूल-गॅस, दोन डबे, जनावराला वैरण. सहा माणसांत एक संडास. साडेसहाला मुलीची कॉलेजची एसटी, त्याआधी सासूबाई, मग मालक. आक्कांचा नंबर येईपर्यंत सात वाजतात आणि कोपऱ्यावर टेंपोचा हॉर्न वाजतो. टेंपोत बसायच्या आधी चहा आणि दोन खारी. बागेत पोचल्यावर साडेबारापर्यंत विरळणी, मान वर करून, हात वर करून. जेवण. पुन्हा पाच वाजेपर्यंत काम.

"मग कळ कधी येते?"

आक्का जरा गप्प झाल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"टेंपोत," त्या म्हणाल्या. "च्या पिऊन बसलं की पाच-दहा मिनिटांत. मी आपली दांडी घट धरून बसती. मग जाती ती निघून."

"आणि परत?"

"परत येत न्हाई. आली तरी जायाचं कुठं?"

माझ्या मते या प्रकरणाचं निदान या एका शब्दात आहे. टेंपोत. आक्कांचं आतडं आळशी नव्हतं. ते रोज सकाळी वेळेवर वर्दी देत होतं, आणि ती वर्दी आठ-नऊ वर्षं रोज परत पाठवली जात होती.

त्याचं असं आहे. रात्रभर मोठं आतडं संथ असतं. उठल्यावर ते जागं होतं, आणि पोटात काही गेलं, विशेषतः सकाळचं पहिलं खाणं-पिणं, की मोठ्या आतड्यात जोरदार लाटा उठतात आणि मळ खाली गुदाशयात सरकतो. तिथे ताण पडला की आपल्याला कळ येते. ती अडवली की थोड्या वेळात शमते, मळ तिथेच राहतो, आणि आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. जितका वेळ जास्त, तितका खडा घट्ट. रोजच असं झालं तर गुदाशयाला भरलेपणाची सवय होते आणि कळ फिकी पडत जाते. वेग अडवू नये हे आयुर्वेदानं फार पूर्वी सांगून ठेवलंय. पण वेग अडवायला लावणारा टेंपो सात वाजता येतो, त्याचं काय करायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

पाण्याची गोष्टही याच दोरीला बांधलेली. दिवसभरात पाणी किती, तर एका बाटलीतलं अर्धं. का? "पाणी प्यालं की लघवी लागती. बागंत आडोसा कुठाय? गड्यांचा वावर असतोय." चौदाच्या चौदा जणींचं हेच. म्हणजे "भरपूर पाणी प्या" हा माझा सल्ला त्या बागेत पाळायचा म्हणजे दिवसभर अवघडून बसायचं.

सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला असलं दुखणंच न्हवतं. पहाटं उठून रानात जायचो, चालत." चालणं होतं, उकिडवं बसणं होतं, भाकरी होती, हे खरं. पण पुढे त्याच म्हणाल्या, "उजाडलं की मग रात पडंपर्यंत धरायचं." म्हणजे धरून ठेवणं हे सासूपासून सुनेकडे आलेलं होतं. घरात संडास आला तरी ते सुटलं नव्हतं, फक्त घरातून बागेत गेलं होतं.

सकाळची पंधरा मिनिटं

पहिला बदल खाण्यात केला नाही, वेळेत केला. टेंपोत येणारी कळ घरात आणायची होती.

आक्का पाचला उठतात, तर उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी आणि सव्वापाचला चहा, पण नुसता नाही. बरोबर रात्रीची अर्धी भाकरी, दुधात कुस्करून किंवा चटणी-तेलाशी. पोटात काही जड गेलं की आतड्याला हाक बसते, घोटभर चहानं तेवढी बसत नाही. कोमट पाण्याला लोक जादू समजतात. आतडं धुऊन निघतं वगैरे काही नसतं. रात्रभराच्या कोरड्या पोटाला पाणी मिळतं आणि रोज तेच, त्याच वेळी केल्यानं शरीराला वळण लागतं, त्याचा फायदा होतो. मग साडेपाचला संडास आक्कांचा, पंधरा मिनिटं. कळ येवो न येवो, दहा मिनिटं बसायचं. कुंथायचं नाही, मोबाईल न्यायचा नाही, नाही झालं तर उठून कामाला लागायचं.

सांगायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली. साडेपाचला सासूबाई जायच्या. मालक म्हणाले, पोरीला उशीर होईल. मी म्हटलं, दादा, घरातली सगळ्यात आधी उठणारी बाई संडासला सगळ्यात शेवटी जाते, हे औषधानं बरं व्हायचं नाही. ते काही बोलले नाहीत, पण मुलगी बोलली: "आजी, तू माझ्यामागनं जात जा. तुला कुठं एसटी धरायचीया?" आजींनी मान्य केलं. माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा त्या पोरीच्या वाक्यानं जास्त काम केलं.

दुसरी अडचण बसण्याची. आजींच्या गुडघ्यांसाठी दोन वर्षांपूर्वी भारतीय भांडं काढून कमोड बसवला होता. आक्का ठेंगण्या. बसल्या की पाय अर्धवट लोंबकळायचे आणि जोर सगळा छातीतून लावायच्या. गुदाशयाला मागून एक स्नायू फासासारखा वेढा घालून असतो आणि मार्गाला बाक देतो. त्यामुळेच एरवी मळ धरून ठेवता येतो. उकिडवं बसलं की तो स्नायू सैल होतो आणि बाक सरळ व्हायला लागतो. कमोडवर तसं होण्यासाठी पायाखाली सात-आठ इंच उंचीचं काहीतरी हवं, गुडघे कमरेच्या वर यावेत, अंग थोडं पुढे झुकवून कोपर मांडीवर ठेवावेत. मालकांनी आधी विटा रचल्या. ओल्या फरशीवर विट सरकते, म्हणून मी त्या काढायला लावल्या. मग त्यांनी जुन्या पाटाला चार ठोकळे मारून ठेंगणा चौरंग केला, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले, म्हणजे घसरू नये. मला तो चौरंग फार आवडला.

चीर भरून येईपर्यंत दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा संडासहून आल्यावर, घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायला सांगितलं होतं. दुखतंय म्हणून धरून ठेवायचं, धरलं की खडा व्हायचा, खड्यानं चीर पुन्हा उघडायची. हे चक्र तोडायला शेक आणि सुरुवातीचं सिरप दोन्ही उपयोगी पडलं. घरगुती उपाय करायचे म्हणून डॉक्टरांनी दिलेलं सिरप सोडायचं, असा हट्ट मी धरत नाही.

ताटात काय होतं, काय आणलं

आक्कांच्या माहेरी, जतकडे, शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी. इथे घाईत चपाती. तीही विकतच्या पिठाची, आणि वर बारीक चाळणीनं चाळलेली. चाळणीत राहिलेला कोंडा म्हशीला जायचा. डब्यात बहुतेक वेळा बटाटा, रात्री भात-आमटी. फळ फक्त बागेतलं, तेही हंगामात.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा (फायबर) लागतो. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात तो १० ग्रॅमच्या आसपास असतो आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. दोन बऱ्यापैकी भाकऱ्यांना सव्वाशे ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे निम्मा हिशोब भाकरीतच सुटतो. त्यावर वाटीभर मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, एखादी पालेभाजी आणि एक पेरू, झालं. मी आक्कांना यादी दिली नाही. दोनच गोष्टी सांगितल्या: डब्यात चपातीऐवजी भाकरी, आणि चाळण भिंतीवर टांगून ठेवायची.

बेदाण्याचं बोलायलाच हवं. तासगावात राहून त्याशिवाय कसं चालेल. भिजवलेले दहा काळे बेदाणे रात्री खा, सकाळी पोट साफ, असं इथे प्रत्येकजण सांगतो. दहा बेदाण्यांचं वजन पाच-सात ग्रॅम. त्यात चोथा पाव-अर्धा ग्रॅम. एका पेरूत त्याच्या कितीतरी पट. बेदाणा चांगला आहे, त्यातली साखर आणि आम्ल मळ थोडा मऊ ठेवतात, पण भरवसा ठेवायचा तर मूठभर खावा लागेल आणि मधुमेह्याला ते झेपायचं नाही. आक्का तशाही खात होत्याच, मी बंद केले नाहीत. दुधातून चमचाभर तुपाचंही तेच. कुणाला त्यानं बरं वाटत असेल तर घ्यावं, मात्र त्या भरवशावर भाकरी-उसळ टाळू नये.

चोथा एकदम वाढवला की गॅस होतो, पोट गुरगुरतं, आणि माणूस आठ दिवसांत सगळं सोडून देतो. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त भाकरी, दुसऱ्यात उसळ. पाणी वाढल्याशिवाय इसबगोल पुन्हा सुरू करायचा नाही, हे मी माझ्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं.

चूर्णाचं पाकीट

आता सगळ्यात नाजूक भाग. आक्का दुकानातून आणलेलं चूर्ण पाच वर्षांपासून घेत होत्या. आधी अर्धा चमचा, मग एक, आता दोन. "ते झाडपाल्याचं हाय, त्यानं काय होत न्हाई." मी पाकीट दिव्याखाली धरलं. बारीक अक्षरांत पहिलंच नाव सोनामुखी.

सोनामुखी झाडाचीच, पण तिचं काम आतड्याला डिवचून लाटा उठवायचं. कधीमधी घ्यायला हरकत नाही, डॉक्टरही देतात. रोज आणि वाढत्या मापानं घेतली की पोटात मुरडा येतो, जुलाबावाटे अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातं. आणि यात एक फसवणूक आहे, ती नीट समजावून सांगावी लागली. चूर्णानं एका दिवसात सगळं मोठं आतडं रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत होणार नाही, होण्यासारखं आत काही नसतंच. पण माणूस घाबरतो, पुन्हा चूर्ण घेतो, पुन्हा रिकामं. "म्हंजी मी रिकामी घागर उपडी करत हुते," आक्का म्हणाल्या. मी आता हेच वाक्य इतरांना सांगते.

एकदम बंद केलं नाही. दोनाचा एक चमचा, मग दिवसाआड, मग अर्धा. तीन आठवडे लागले. सासूबाईंनी एरंडेल सुचवलं होतं. त्याला मी नाही म्हटलं: तेही डिवचणारंच, वर मुरडा जबर, आणि घरात एक असलं की गरोदर सुनेला-लेकीलाही कुणीतरी पाजतं, तिला ते मुळीच चालत नाही.

किल्ली

पाण्याचा प्रश्न घरात सुटणारा नव्हता. बागेच्या कोपऱ्यात, शेततळ्याजवळ, फवारणीच्या औषधांच्या खोलीला लागून एक संडास बांधलेला होता. कुलूप लावून ठेवलेला. मी बागमालकांना भेटायला गेले. भांडायला नाही गेले. त्यांना विचारलं, चौदा बायका दहा तास तुमच्या बागेत असतात, त्या कुठे जातात? ते गोंधळले. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. "बायका घाण करतील म्हणून गडी कुलूप लावतोय," म्हणाले. मी म्हटलं, किल्ली आक्कांकडे द्या, स्वच्छता टोळी बघेल. त्यांनी माझ्यासमोर किल्ली काढून दिली. औषधाची खोली शेजारीच असल्यानं पाण्याची बादली वेगळी, झाकणाची, आणि हात धुवायला साबण, एवढं मी मागून घेतलं.

त्या दिवसापासून टोळीत वीस लिटरचा जार जायला लागला. आक्का दोन बाटल्या रिकाम्या करायला लागल्या. पाण्याचं मी ठरावीक लिटर सांगत नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतकं, उन्हात त्याहून जास्त. ज्यांना हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. आणि जो आधीच पुरेसं पाणी पितो, त्यानं आणखी ढोसून मळ मऊ होत नाही. आक्कांना उपयोग झाला, कारण त्या कोरड्या होत्या.

वहीतल्या नोंदी

आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी नोंद ठेवायला कॅलेंडर वापरलं: झालं की गोल, खडा असेल तर गोलात ठिपका.

पहिल्या आठवड्यात दोन गोल, दोन्हींत ठिपका. साडेपाचला बसून काहीच होत नव्हतं, आणि "कळ आता टेंपोत बी येईना" म्हणून त्या वैतागल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात तीन गोल. सिरप चालू होतं, त्यामुळे मी त्यावर फार विसंबले नाही. तिसऱ्या आठवड्यात सिरप संपलं, पुन्हा दोनावर आलं. इथे मी इसबगोल परत दिला, या वेळी संध्याकाळी जेवणाआधी एक चमचा मोठ्या पेल्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी पावणेसहाला मला आक्कांचा फोन आला. मी घाबरूनच उचलला.

"मॅडम, आली. घरातच आली."

कळ. चहा-भाकरीनंतर दहा मिनिटांत. त्या आठवड्यात चार गोल, एकाच ठिपक्यासह. सहाव्या आठवड्यात पाच, ठिपका नाही. तक्ता पुन्हा दाखवला तर बोट चौथ्या चित्रावर. चूर्ण बंद. चीर भरून आलेली, आग नाही. हिमोग्लोबिन १०.४, गोळ्या चालू.

कशानं बरं झालं, हे मला विचाराल तर मी वेळ आणि किल्ली म्हणेन, भाकरी त्यानंतर आणि इसबगोल सगळ्यात शेवटी. पण हे सगळं एकात एक घुसलेलं होतं, वेगळं काढून दाखवता येणार नाही. दुसऱ्या एखाद्याचं गणित निराळं असेल. दिवसभर दुकानात बसून असणाऱ्याला जेवणानंतर अर्धा तास चालण्यानं फरक पडेल. कुणाचा त्रास रक्तदाबाच्या एखाद्या गोळीनं नाहीतर खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधानं सुरू झालेला असेल, त्याला किती भाकरी खाऊ घातली तरी औषध बदलून घ्यावं लागेल. लहान मुलांचं तर सगळंच निराळं, त्यांना मोठ्यांचं चूर्ण कधीच देऊ नये.

जानेवारीत घडी बिघडली. द्राक्षाची तोडणी लागली आणि टेंपो साडेपाचला यायला लागला. म्हणजे संडासची वेळ होती तीच टेंपोची. पाच दिवस कॅलेंडर कोरं. आक्कांनी एका रात्री चमचाभर चूर्ण घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला चोरी सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, त्यात चोरी कसली, अडीअडचणीला असतंच ते. मग आम्ही वेळ संध्याकाळवर नेली. तोडणी लवकर आटपते, चारला घरी, भाकरी खाऊन साडेचारला बसायचं. सकाळइतकी जोरदार कळ संध्याकाळी येत नाही, पण आठवड्याला तीन-चार गोल पडत राहिले. मार्चमध्ये तोडणी संपली तशी सकाळ परत मिळाली.

एप्रिलमध्ये खरड छाटणीची कामं सुरू झाली. मी लसीकरणाला वाडीवर गेले होते, आक्का तिथेच रस्त्याकडेला एका नव्या बागवाल्याशी बोलत उभ्या होत्या. तो रोजाचा भाव सांगत होता. आक्कांनी त्याला मध्येच थांबवलं.

"ते मागनं बगू. आदी सांगा, संडास हाय का? आन् किल्ली कुणाकडं असती?"